अभयारण्य की संवर्धन राखीव? हतनूरच्या बेटांचा प्रश्न

जळगाव जिल्ह्यात तापीवरच्या हतनूर धरणाचा विषय निघाला की पक्षी बघणारे म्हणतात, "अभयारण्य करा." काठावरचे नाना लगेच म्हणतात, "म्हणजे आमचं गाळपेराचं, पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळात पेरलेलं, टरबूज गेलं!" दोघांच्या डोक्यात एकच शब्द, पण कायद्यात दोन आहेत. आपल्या खान्देशात दोन्हींचे नमुने सापडतात: यावल १९६९पासून अभयारण्य, तर मुक्ताईनगरकडचं मुक्ताई-भवानी २०१४पासून संवर्धन राखीव.

अभयारण्यात शिरायला परवाना लागतो. आतल्या जमिनीवर कोणाचे काय हक्क, याची चौकशी जिल्हाधिकारी करतात. संवर्धन राखीव हा प्रकार नंतरचा, वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२च्या दुरुस्तीने आलेला. ती फक्त सरकारी जमिनीवर होते, तीही गावकऱ्यांशी सल्लामसलत केल्यावर. तिथे नुसतं जायला परवाना नको. आग लावणं, पाण्यात विष किंवा स्फोटकं टाकणं मात्र बंद. राखीव सांभाळायला एक समिती असते, तिच्यावर हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक माणूस असतो. समिती सल्ला देते, हुकूम नाही. आणि गाळपेराची जमीन सरकारचीच, तेव्हा नानांची भीती अगदीच खोटी म्हणता येत नाही. ती बोलून दाखवायची जागा म्हणजे हीच सल्लामसलत.

आता बेटाकडे या. नदी सुरय हा पाणपक्षी उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या रेतीवर, साध्या खळग्यात अंडी घालतो. काड्या नाहीत, आडोसा नाही. भोवतीचं पाणी हेच कुंपण. पाणी फार ओसरलं की बेट काठाला जोडलं जातं आणि कुत्री चालत पोचतात. पाणी चढलं की अंडी बुडतात.

लक्षद्वीपमधलं पक्षीपिट्टी हे जेमतेम सव्वा हेक्टरचं ओसाड बेट समुद्री सुरयांसाठी संरक्षित झालं आहे. तिथे ना वस्ती, ना शेती, आणि समुद्राला दरवाजे नसतात. हतनूरला ४१ आहेत. पाटी कुठलीही लावा, विणीच्या दिवसांत बेट राहणार की बुडणार हे पाटबंधारे खात्याच्या टेबलावर ठरतं.

मला विचाराल तर हतनूरच्या बेटांना संवर्धन राखीवच मागावी. फक्त फेब्रुवारी ते मे पाणी कधी, किती सोडायचं याची बोलणी करायला धरणावरचा अभियंता त्या समितीच्या बैठकीला बसलेला हवा, नानांच्या शेजारी.