दोन फेकींची अदलाबदल

सारंगखेड्याच्या यात्रेत एखादा कसरतपटू हवेत चार-पाच वस्तू खेळवू लागला की ‘ही नजरबंदी आहे’ असा शेरा गर्दीतून ऐकू येतो, आणि चार बुके शिकलेली मंडळी त्यालाच ‘उपजत देणगी’ म्हणतात. या दोन्ही समजुतींमागे एक सुंदर गोष्ट झाकली जाते. अनेकांनी मिळून एकमेकांकडे क्लब, म्हणजे हवेत खेळवायचे बाटलीच्या आकाराचे दांडके, फेकण्याच्या नव्या रचना चक्क कागदावर शोधता येतात आणि त्यासाठी बेरीज व भागाकारातली बाकी एवढे शालेय गणित पुरते.

क आणि ख हे दोघे प्रत्येकी तीन क्लब घेऊन समोरासमोर उभे आहेत आणि आळीपाळीने एकेका ठोक्याला फेकत आहेत, असे समजू. फेकलेला क्लब किती ठोक्यांनंतर पुन्हा फेकला जाईल, तो अंक त्या फेकीला द्यायचा. ‘साइटस्वॅप’ नावाची ही अंकलेखनाची पद्धत १९८०च्या दशकात कॅलिफोर्निया आणि केंब्रिज येथील गणितप्रेमी जगलरांनी, म्हणजे हवेत वस्तू खेळवणाऱ्यांनी, स्वतंत्रपणे शोधली. येथे सम अंकाचा क्लब फेकणाऱ्याकडेच परततो आणि विषम अंकाचा जोडीदाराकडे जातो. त्यामुळे पुन्हापुन्हा चालणाऱ्या ६, ६, ६ या रचनेत जो तो आपापलेच क्लब खेळवतो.

आता ठोके शून्यापासून मोजू. शून्याव्या ठोक्याचा क्लब सहाव्या ठोक्याला उतरणार आहे आणि पहिल्या ठोक्याचा सातव्या. या दोघांच्या उतरण्याच्या जागा बदलल्या, तर पहिली फेक ७ होते, दुसरी ५ होते आणि तिसरी ६ च राहते. ७, ५, ६ ही नवी रचना तयार झाली, आणि विषम अंक आल्यामुळे क्लब आपोआप समोरच्याकडे जाऊ लागले. उतरण्याच्या जागा त्याच राहून केवळ त्यांचे मानकरी बदलल्यामुळे अशा अदलाबदलीने रचना कधीच मोडत नाही. एक अंक जितका वाढतो तितकाच दुसरा घटतो, म्हणून सरासरी सहाच राहते, आणि ही सरासरी म्हणजेच क्लबांची एकूण संख्या.

केवळ सरासरी जुळणे मात्र पुरेसे नाही. तेच अंक ७, ६, ५ असे लिहिले, तर शून्याव्या, पहिल्या आणि दुसऱ्या ठोक्याचे तिन्ही क्लब सातव्या ठोक्यालाच, एकाच हातात येऊन आदळतात. भुसावळ जंक्शनवर एकाच फलाटावर एकाच वेळी तीन गाड्या घेण्यासारखेच ते आहे. म्हणून प्रत्येक अंकात त्याचा ठोका मिळवून तीनने भागावे, आणि तिन्ही बाक्या वेगळ्या आल्या तरच रचना चालते असे मानावे. ७, ५, ६ साठी त्या १, ० आणि २ येतात.

डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवण्याचा दावा करणाऱ्या ‘मिडब्रेन’ वर्गांवर पालक पैसे उधळतात, ही खेदाची बाब आहे. त्यापेक्षा मुलांच्या हाती वही-पेन्सिल देऊन त्यांना अशा रचना शोधू द्याव्यात.

१९९४ मध्ये ब्यूलर, आयझेनबड, ग्रॅहम आणि राइट या गणितज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या सूत्रानुसार सहा वस्तूंच्या तीन-अंकी रचना ७ चा घन वजा ६ चा घन, म्हणजे १२७ भरतात. त्यात आरंभबिंदू बदललेल्या रचना वेगळ्या मोजल्या आहेत. त्यांपैकी १८, ०, ० (० म्हणजे त्या ठोक्याला हात रिकामा) ही गणिताने निर्दोष असली, तरी उंची वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ६ च्या तुलनेत ती फेक ढोबळमानाने नऊपट उंच जावी लागेल.

तिघे खेळत असतील, तर क्लब कोणाकडे जाणार हे ठरवणारा भाजक फक्त दोनऐवजी तीन होतो. अंकाला तीनने भागून बाकी शून्य आली तर क्लब स्वतःकडे, एक आली तर पुढच्याकडे आणि दोन आली तर त्यापुढच्याकडे जातो. नऊ क्लबांच्या ९, ९, ९, ९ या रचनेत पहिल्या दोन जागा बदलल्या की १०, ८, ९, ९ मिळते. रचनेतले अंक चार आणि खेळणारे तीन, आणि या दोन संख्यांना एकाखेरीज सामाईक विभाजक नसल्यामुळे तिघांच्याही वाट्याला १०, ९, ९, ८ हाच क्रम येतो: एक क्लब पुढच्याला, दोन स्वतःला, एक मागच्याला.