शोभेची घोळ

शोभेची घोळ ही घोळ कुलातील (पोर्तुलाकेसी) मांसल पानांची, जमिनीलगत पसरणारी आणि भडक रंगाच्या फुलांसाठी लावली जाणारी वनस्पती आहे. कोकणातल्या अंगणांत या नावाखाली दोन वेगळ्या जाती नांदतात. सुईसारख्या गोलसर पानांची पोर्तुलाका ग्रँडिफ्लोरा, म्हणजे चिनी गुलाब, ही एक. चपट्या, चमच्याच्या आकाराच्या पानांची पोर्तुलाका अंब्रॅटिकोला आणि तिचे संकर ही दुसरी. घरोघरी दोघींनाही ‘ऑफिस टाइम’ किंवा ‘दहाची फुले’ म्हणतात. रोपवाटिकेत नुसते ‘पोर्तुलाका’ म्हटले तरी काम होते. (मासळीबाजारातल्या घोळीशी हिचा काही संबंध नाही.)

अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत खळ्याच्या कडेला, चिऱ्याच्या गडग्यावर, खिडकीच्या गजांना टांगलेल्या करवंटीत ही झाडे दिसतात. हस्ताचा पाऊस सरल्यापासून मे अखेरपर्यंत त्यांचा बहर चालतो आणि या काळात त्यांना फारसे काही लागत नाही. घाटावरच्या बागकामाच्या माहितीत या झाडाला पाणी किती आणि कधी घालावे यावर भर असतो. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. इथे घोळ उन्हाने सहसा मरत नाही, पावसात कुजून मरते. त्यामुळे तिची निगा राखणे म्हणजे मुख्यतः तिच्या मुळांशी पाणी साचू न देणे.

मूळ आणि नातेवाईक

चिनी गुलाब ना चीनचा, ना गुलाबाच्या कुळातला. त्याचे मूळ स्थान दक्षिण अमेरिकेत, अर्जेंटिना, उरुग्वे आणि दक्षिण ब्राझीलच्या कोरड्या, रेताड जमिनीत आहे. विल्यम जॅक्सन हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२९ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. चपट्या पानांची अंब्रॅटिकोलाही मूळची अमेरिका खंडांतलीच. बाजारात मात्र ती अनेक वर्षे भाजीच्या घोळीचा शोभेचा प्रकार म्हणून विकली गेली आणि अजूनही काही पाकिटांवर तेच नाव छापलेले असते. खरी ओळख फळावर पटते. अंब्रॅटिकोलाच्या फळाला पंखासारखी पातळ कडा असते, भाजीच्या घोळीला ती नसते.

हे फळ भिंगाखाली पाहण्यासारखे आहे. पाकळ्या गळून गेल्यावर ज्वारीच्या दाण्याएवढी बोंडी उरते. ती पिकून वाळली की वरचा भाग डबीच्या झाकणासारखा आडवा सुटतो आणि खालच्या वाटीत पोलादी करड्या रंगाचे बारीक बी दिसते. झाकण उडाले की वाऱ्याच्या झुळकीनेही बी सांडते. म्हणून बी धरायचे असेल, तर झाकण सैल होण्याआधीच बोंडी काढून कागदावर वाळवतात.

भाजीची घोळ (पोर्तुलाका ओलेरेशिया) आणि चिवळ (पोर्तुलाका क्वाड्रिफिडा) या घरच्याच बहिणी. घोळीची फुले पिवळी, नखाएवढी आणि तासा-दोन तासांची. चिवळीच्या पेऱ्यापेऱ्याला मुळे आणि बारीक केस असतात आणि फुलाला चारच पाकळ्या असतात. शेणखतातून या दोघींचे बी कुंडीत येते आणि नवख्याला ती आपल्याच झाडाची पिल्ले वाटतात. त्याच कुंडीत नायटीही उगवते. ती तोडली की दूध निघते, घोळीच्या कोणत्याही जातीत पांढरा चीक नसतो.

पोर्तुलाकेसी हे कुल पूर्वी बरेच मोठे मानले जाई. जनुकीय पुराव्यांवर आधारलेल्या २००९ च्या वर्गीकरणानंतर त्यात पोर्तुलाका ही एकच प्रजाती उरली. या कुलाच्या फुलांचे लाल-पिवळे रंग जास्वंदीसारखे अँथोसायनिनचे नसून बीटातल्या रंगद्रव्यांच्या, म्हणजे बीटालेनांच्या जातीचे असतात. हे रंग तयार करणाऱ्या एका महत्त्वाच्या विकराचे (एन्झाइमचे) जनुक शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये ओळखले, ते चिनी गुलाबातच.

उन्हाचे गणित

घोळ भर उन्हात का टवटवीत राहते याचे उत्तर तिच्या पानांत आहे. नुसते पाणी साठवणे एवढेच ते नाही. ऊस आणि मक्याप्रमाणे ती सी-४ पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करते, म्हणजे कडक ऊन आणि उष्मा असतानाही तिचे काम जोरात चालते. पाण्याची ओढ लागली की ती निवडुंगांची युक्ती वापरू लागते. दिवसा पर्णरंध्रे मिटून घ्यायची, रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा आणि आम्लाच्या रूपात सकाळसाठी ठेवायचा. दोन्ही पद्धती एकाच वनस्पतीत असणे फार दुर्मीळ आहे. भाजीच्या घोळीत त्या एकाच पेशीत एकमेकींत गुंफून चालतात, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले गेले.

फूल एकाच दिवसाचे. ऊन आणि ऊब दोन्ही मिळाल्यावर उमलते, दुपार कलली की पाकळ्या मिटून एकमेकींना चिकटतात आणि ते पुन्हा उघडत नाही. मळभ असेल त्या दिवशी कळ्या तशाच मिटलेल्या राहतात, म्हणून श्रावणात झाड हिरवेगार दिसूनही फुलांचा पत्ता नसतो. सकाळी उमललेल्या एकेरी फुलातल्या पुंकेसरांना गवताच्या काडीने हळूच स्पर्श केला, तर ते क्षणभरात स्पर्शाच्या दिशेला झुकतात. मधमाशी फुलात शिरली की हेच घडते आणि तिच्या अंगाला पराग लागतो. दुहेरी फुलांत पुष्कळ पुंकेसरांच्या पाकळ्याच झालेल्या असतात, त्यामुळे मधमाश्या त्यांच्याकडे फारशा फिरकत नाहीत. दिसायला ती भरगच्च, पण बागेत हालचाल हवी असेल तर एकेरी फुलेच बरी.

लागवड

कोकणातल्या घरी पहिली अडचण पाण्याची नसून जागेची येते. नारळ, पोफळी, आंबा, फणस यांच्या सावलीत परसू झाकलेले असते आणि घोळीला किमान सहा तास थेट ऊन हवे. सावलीत ती मरत नाही, नुसती लांब लांब काड्या काढत बसते. गच्ची, पत्र्याच्या पडवीचा माथा, दक्षिणेकडचा गडगा, विहिरीचा कठडा या जागा तिला मानवतात. खाऱ्या वाऱ्याचेही तिला फारसे वावडे नाही. किनाऱ्यालगतच्या घरांत जास्वंदीची पाने कडेने करपली, तरी घोळ बहुधा शाबूत असते.

मुळे उथळ पसरतात. वीतभर खोल कुंडी पुरते, करवंटीतही भागते. करवंटीच्या तिन्ही डोळ्यांपैकी एक तरी नीट फोडलेला असावा. मातीसाठी दोन भाग लाल माती, एक भाग जाडी रेती आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत हे मिश्रण चालते. पुळणीवरची रेती आणली असेल, तर गोड्या पाण्यात धुऊन घ्यावी. कोकोपीटचा कोकणात अतिरेक होतो. उन्हाळ्यात ते सोयीचे असते, पावसाळ्यात मात्र ओल धरून ठेवते आणि नेमकी तीच इथे नको असते.

फांदी लावणे हा सर्वांत सोपा मार्ग. निरोगी शेंड्याचा चार-पाच बोटे लांबीचा तुकडा घ्यावा, खालची पाने काढावीत, कळ्या खुडाव्यात आणि कापलेला भाग अर्धा दिवस सावलीत सुकू द्यावा. मग मातीत दोन पेरी खोचून हलके पाणी द्यावे. आठ-दहा दिवसांत मुळे धरतात. एका कुंडीत एकच फांदी लावून वाट पाहण्यापेक्षा पाच-सहा फांद्या एकत्र लावल्या की कुंडी लवकर भरते. बाजारातल्या बहुतेक चपट्या पानांच्या जाती आणि ‘सिंड्रेला’, ‘जम्बो’ अशा नावांनी विकले जाणारे दुहेरी प्रकार फांदीनेच वाढवावेत, कारण संकरांच्या बियांतून आईसारखेच झाड येईल याची खात्री नसते. चिनी गुलाबाचे बी पेरायचे झाल्यास मातीवर भुरभुरवून सोडावे, वर माती टाकू नये. रुजण्यासाठी त्याला उजेड लागतो.

खत बेताने द्यावे. महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत पुष्कळ झाले. युरिया टाकला तर पाने माजतात आणि फुले रुसतात. पाणी वरचा थर कोरडा झाल्यावर द्यावे, उन्हाळ्यात टांगलेल्या करवंट्यांना मात्र रोज लागते. दर महिन्याला निम्म्या उंचीवर छाटणी केली की मध्यभाग उघडा पडत नाही, आणि छाटलेल्या शेंड्यांतून शेजारणीची कुंडी भरते. विकत आणलेल्या रोपांपेक्षा अशा हातोहात गेलेल्या फांद्यांनीच ही फुले वाडीवाडीत पोचली आहेत.

पावसाळा

आगोटीच्या कामांत लाकडे भरणे, वाळवणे आवरणे, झडीच्या बाजूला झाप बांधणे हे जसे येते, तसे घोळीची कुंडी हलवणेही यायला हवे. मृगाच्या पहिल्या सरींनी काही बिघडत नाही, उलट धूळ धुऊन झाड खुलते. घात करते ती नंतरची संततधार. माती दिवसचे दिवस भिजलेली राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि बुरशी चढते. देठ मातीलगत काळा, पाणचट होतो. वरची पाने अजून हिरवी असतात, बोट लावले की सबंध फांदी हातात येते. अशा फांदीचा शेंडा वाचतो, पण काळ्या भागापासून दोन पेरी वर कापून कोरड्या रेतीत लावला तरच.

सर्वांत वाईट जागा पागोळ्यांखालची. कौलांवरून पडणारी धार मातीत खळगा पाडते आणि मुळे उघडी टाकते. त्याहून थोडे आत, वळचणीला किंवा पडवीच्या उजेडाच्या कडेला कुंडी ठेवावी. पारदर्शक पत्रा असेल तर उत्तमच. कुंडीखालच्या ताटल्या काढून ती चिऱ्याच्या दोन तुकड्यांवर उचलून ठेवावी. जमिनीत लावलेले ताटवे वाचवण्याच्या भानगडीत पडू नये. मेच्या अखेरीस त्यांतून प्रत्येक रंगाच्या चार-पाच फांद्या लहान कुंड्यांत लावून आत घ्याव्यात आणि ताटवा पावसावर सोडून द्यावा. आडोशाला असलेल्या या रोपांना आठवड्यातून एकदा, तेही माती सुकली असेल तरच, पाणी द्यावे. त्या काळात खत देऊ नये. उजेड कमी असल्याने ती लांबट आणि फिकट होतात. गणपतीला घरी आलेल्या पाहुण्यांना दाखवावे असे त्यांच्यात काही नसते, आणि त्याबद्दल काळजी करण्याचेही कारण नाही.

नवरात्राच्या सुमारास ऊन पडू लागले की याच रोपांच्या फांद्या पुन्हा लावतात. आडोशातून काढून थेट दुपारच्या उन्हात ठेवल्यास पाने भाजतात, म्हणून चार-पाच दिवस सकाळचेच ऊन द्यावे.

कीड आणि सुरवंट

पिठ्या ढेकूण हा कायमचा पाहुणा. पेरांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसतात आणि सोबत मुंग्यांची रांग. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवून सायंकाळी कडुनिंबाचे तेल साबणाच्या पाण्यात मिसळून फवारावे. फार माजलेले झाड छाटून टाकलेले बरे. पावसाळ्यात मोठ्या आफ्रिकी गोगलगाई रात्रीत कुंडी फस्त करतात. त्यांना औषधापेक्षा बॅटरी घेऊन वेचणेच लागू पडते. पानांच्या खाली पांढरे फोड आले, तर तो पांढरा तांबेरा. ती पाने काढून नष्ट करावीत.

सुरवंट दिसला तर मात्र लगेच हात उगारू नये. काळपट अंगावर फांद्याफांद्यांचे काटे आणि डोक्यावर दोन लांब शिंगे असतील, तर ते छोटा चांदवा या फुलपाखराचे पिल्लू असू शकते. त्याच्या खाद्यवनस्पतींत घोळ येते. नर काळा, पंखांवर जांभळ्या झळाळीच्या कडेचे पांढरे ठिपके. मादी मात्र हुबेहूब बिबळ्या कडव्यासारखी नारिंगी दिसते. बिबळ्या कडवा पक्ष्यांना बेचव लागत असल्याने हे सोंग तिच्या पथ्यावर पडते. एखाद-दुसऱ्या सुरवंटाने खाल्लेली फांदी पंधरवड्यात फुटते.

खाण्याबाबत

भाजीची घोळ आणि चिवळ आंबटसर चवीमुळे आवडीने खाल्ल्या जातात. दोन्हींत ऑक्झॅलेट बरेच असते, म्हणून मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी त्या बेतानेच खाव्यात. शोभेच्या जाती भाजीत घालू नयेत, विशेषतः रोपवाटिकेतून नुकत्या आणलेल्या, कारण त्यांवर कीटकनाशके मारलेली असतात. कुत्र्या-मांजरांना घोळ वर्गातील वनस्पती बाधतात. घरात पाने चघळण्याची सवय असलेले जनावर असेल, तर कुंडी टांगलेलीच ठेवावी.