बाळंतिणीच्या पायात बेडी : नियम आला कुठून?

गरोदर कैदी बाईला साखळदंड घाला, असं कुणी मुद्दाम ठरवलेलं फारसं आढळत नाही. नियम साधा होता : कैदी तुरुंगाबाहेर नेताना बेडी घालायची. तो लिहिताना डोळ्यांसमोर पुरुष कैदी होता. कळा सुरू झालेली बाईही मग 'बाहेर नेलेला कैदी' ठरली.

ब्रिटनमध्ये १९९४ साली व्हाइटमूर आणि जानेवारी १९९५ मध्ये पार्कहर्स्ट या कडेकोट तुरुंगांतून पुरुष कैदी पळाले. त्यानंतर तिथल्या तुरुंगव्यवस्थेत सुरक्षेचा धाक वाढला. पुढच्याच जानेवारीत चॅनल ४ वाहिनीने लंडनच्या हॉलोवे महिला तुरुंगातल्या गरोदर बाईला रुग्णालयात बेडीत जखडलेलं दाखवलं. तुरुंगमंत्री अ‍ॅन विडिकम यांनी आधी संसदेत या पद्धतीचं समर्थन केलं. पण संताप इतका उसळला की त्याच महिन्यात सरकारला धोरण बदलावं लागलं.

अमेरिकेत ही लढाई लांबली. इलिनॉय राज्याने २००० पासून प्रसूतीच्या वेळी बेड्यांना बंदी केली. अशी बंदी घालणारं ते पहिलं राज्य. बाकीची राज्यं गप्पच होती. सप्टेंबर २००३ मध्ये आर्कान्सामध्ये क्रेडिट कार्डची फसवणूक आणि न वटणारे धनादेश यासाठी शिक्षा झालेल्या बाईचे दोन्ही पाय कळा येत असताना खाटेच्या दोन बाजूंना बांधले गेले. ना हिंसेचा गुन्हा, ना पळून जाण्याची चिन्हं. ती न्यायालयात गेली. २००८ मध्ये अपील न्यायालयाच्या छोट्या पीठाने तिच्या विरोधात निकाल दिला. २००९ मध्ये त्याच न्यायालयाच्या पूर्ण पीठाने ६ विरुद्ध ५ मतांनी तो फिरवला : सुरक्षेचं ठोस कारण नसताना प्रसूतिवेदनांत बेडी घालणं ही राज्यघटनेने निषिद्ध ठरवलेली क्रूर शिक्षा आहे. इतकी उघड गोष्ट आणि फरक एका मताचा, हे मला आजही अस्वस्थ करतं.

डॉक्टरांचा आक्षेप तर अगदी रोजच्या कामातला आहे. बाळाचा खांदा अडकला, तर आईचे पाय तत्काळ पोटाकडे वाकवावे लागतात. ठोके घसरले, तर काही मिनिटांत शस्त्रक्रियेसाठी हलवावं लागतं. तेव्हा किल्ली शोधायची कुणी? गरोदरपणात तोल आधीच बदललेला असतो. हातात बेडी असताना बाई पडली, तर हाताने स्वतःला सावरूही शकत नाही.

स्त्री कैद्यांना कसं वागवावं हे सांगणाऱ्या, २०१० च्या संयुक्त राष्ट्रांच्या बँकॉक नियमांनी कळा, प्रसूती आणि लगेचनंतरच्या काळात बेड्या पूर्ण नाकारल्या. अमेरिकेत २०१८ च्या 'फर्स्ट स्टेप' कायद्याने गरोदरपण लक्षात आल्यापासून बंदी आणली, पण फक्त संघीय, म्हणजे केंद्र सरकारच्या कोठडीत. तिथल्या बहुतेक कैदी स्त्रिया राज्यांच्या आणि काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) तुरुंगांत असतात. त्यांना हा कायदा लागू नाही. शिवाय 'पळून जाण्याचा धोका' ही पळवाट आहेच.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९८० च्या प्रेमशंकर शुक्ला खटल्यात सरसकट हातकडी घटनाबाह्य ठरवली. २००६ च्या आर. डी. उपाध्याय निकालात गरोदर कैद्यांची प्रसूती शक्यतो तुरुंगाबाहेर व्हावी आणि जन्मदाखल्यावर तुरुंगाचं नाव येऊ नये, असं सांगितलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये एका गरोदर आरोपीला बाळंतपणासाठी ६ महिन्यांचा तात्पुरता जामीन दिला. तुरुंगातल्या वातावरणाचा परिणाम आईसोबत बाळावरही होतो, हे न्यायालयाने त्यात मान्य केलं.