शेणखत व पीक-अवशेष (जमिनीवरील परिणाम)

कापणीनंतर शेतात राहणारी धसकटे, काड, पालापाचोळा, उसाचे पाचट आणि गोठ्यातून उकिरड्यामार्गे शेतात येणारे शेणखत यांमुळे जमिनीची कणरचना सुधारते व तीत सेंद्रिय कर्ब साठतो. हे दोन परिणाम बहुधा वेगवेगळे सांगितले जातात. प्रत्यक्षात ते एकमेकांच्या आधाराने टिकतात. कुजताना तयार होणाऱ्या डिंकासारख्या बहुशर्करा, मुळांचे केस व बुरशीचे तंतू मातीचे कण बांधतात, आणि अशा बांधलेल्या कणसमूहाच्या, म्हणजे रव्याच्या, पोटात अडकलेला कर्ब सूक्ष्मजीवांच्या तावडीत लवकर सापडत नाही. खत न मिळालेल्या शेतातले वाळके ढेकूळ पाण्याच्या पेल्यात सोडले, तर ते बुडबुडे सोडत पाहता पाहता ढासळते व पाणी गढूळ होते. वर्षानुवर्षे शेणखत मिळालेल्या शेजारच्या शेतातल्या ढेकळाचे रवे त्या मानाने पुष्कळ वेळ टिकतात.

टिस्डॉल व ओड्स या मृदाशास्त्रज्ञांनी 1982 मध्ये या बांधणीची उतरंड मांडली. 250 मायक्रोमीटरपेक्षा लहान रवे जुन्या, चिवट सेंद्रिय द्रव्याने बांधलेले असतात. त्यांहून मोठे रवे मुळे व बुरशीतंतूंवर अवलंबून असल्याने नांगरटीने चटकन मोडतात. ही मांडणी मुख्यतः दक्षिण ऑस्ट्रेलियातील तांबूस-तपकिरी जमिनींवरून झाली, म्हणून दख्खनच्या काळ्या जमिनीला ती जशीच्या तशी लावणे योग्य नाही. काळ्या जमिनीतील स्मेक्टाइट चिकणमाती ओलीने फुगते, उन्हाने भेगाळते व त्या हालचालीतूनच आपोआप रवाळ होते. तेथे सेंद्रिय द्रव्याचे काम रवे घडवण्यापेक्षा घडलेले रवे पावसाच्या माऱ्यात टिकवण्याचे आहे, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

कर्ब मोजण्याची रीत वादातीत नाही. वॉकली व ब्लॅक यांच्या 1934 च्या डायक्रोमेट पद्धतीत (तीत डायक्रोमेट या रसायनाने कर्बाचे ऑक्सिडीकरण करतात) सरासरी 77 टक्केच कर्ब हाती लागतो असे धरून उत्तराला सु. 1.3 ने गुणतात. प्रत्यक्षात हे प्रमाण जमिनीगणिक बदलते. सेंद्रिय द्रव्यात 58 टक्के कर्ब असतो, या एकोणिसाव्या शतकातील गृहीतावर कर्बावरून सेंद्रिय द्रव्य काढण्याचा 1.724 हा गुणक आधारलेला आहे. अलीकडे 2 हा गुणक बहुतेक जमिनींना जवळचा मानला जातो. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत आणखी एक अडचण येते. माती उच्च तापमानाला जाळून कर्ब मोजल्यास चुनखडीतला असेंद्रिय कर्बही हिशेबात येतो. आधी आम्लाने तो काढला नाही, तर शेतकऱ्याच्या हाती फसवा आकडा पडतो. वरच्या 15 सेंमी. थरात कर्ब 0.1 टक्क्याने वाढणे म्हणजे हेक्टरी सु. 2 टन. आकडा लहान दिसतो, पण त्यामागे अनेक वर्षांचे खत असते.

दीर्घकालीन पुराव्यात इंग्लंडमधील रॉथॅम्स्टेड या कृषी संशोधन केंद्राचे स्थान पहिले. तेथील हूसफील्ड या शेताच्या एका तुकड्याला 1852 ते 1871 दरवर्षी हेक्टरी सु. 35 टन शेणखत दिले, पुढे मुळीच नाही; तरीही शंभर वर्षांनंतर तेथील कर्ब कधीच खत न दिलेल्या तुकड्यापेक्षा जास्त होता. भारतात हैदराबादजवळ पाटणचेरू येथे काळ्या जमिनीवर 1976 पासून चाललेल्या प्रयोगात सुधारित पद्धतीने पारंपरिक पद्धतीपेक्षा वर्षाला हेक्टरी सु. 330 किग्रॅ. अधिक कर्ब साठल्याचे नोंदले आहे. अकोल्यातही ज्वारी-गहू पीकपद्धतीवर असा दीर्घकालीन प्रयोग आहे.

हे सारे हवामान-रक्षणाच्या खात्यावर जमा करावे काय, याविषयी मतभेद आहेत. श्लेसिंजर व पुढे पॉल्सन या शास्त्रज्ञांच्या मते शेणखतातील कर्ब दुसऱ्या शेतातल्या चाऱ्यातून आलेला असतो. तो फक्त जागा बदलतो. हा आक्षेप ग्राह्य आहे. मात्र ज्या काडाला अन्यथा काडी लागणार होती, ते जमिनीत गेल्यास होणारी भर खरी मानावी लागते. दोन्ही बाबतींत जमिनीच्या घडणीचा लाभ उरतोच.

गव्हाच्या काडात कर्ब-नत्र गुणोत्तर सु. 80 : 1 असते, चांगल्या कुजलेल्या शेणखतात सु. 20 : 1. काड तसेच गाडले, तर सूक्ष्मजीव जमिनीतले नत्र ओढून घेतात आणि नवे पीक काही आठवडे पिवळे पडते. यासाठी पाचट सरीत ठेवताना टनामागे 8 किग्रॅ. युरिया, 10 किग्रॅ. सुपर फॉस्फेट व 1 किग्रॅ. कुजवणारे जीवाणूसंवर्धक टाकण्याची शिफारस महाराष्ट्रात रूढ आहे.

कोकणातील राबात शेण व पाला-फांद्या भाताच्या रोपवाटिकेच्या जागी जाळतात. त्यातला बराचसा कर्ब धुरात जातो, थोडा कोळशाच्या रूपाने मातीत राहतो.