दोर आखूड म्हणजे होडी सुरक्षित? नाही!

मोटर यॉटमागे छोटी होडी ओढताना दोर आखूड ठेवला की ती ताब्यात राहते, असं अजून काही जण ठामपणे सांगतात. बंदरात शिरताना ते बरोबरच, कारण ढिला दोर यॉटच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) गुंततो. भर समुद्रात मात्र हाच सल्ला घातक. मागून लाट आली की होडी तिच्यावरून घसरत थेट यॉटवर आदळू शकते. मग होडी मागे पडली की दोर एकदम ताणला जातो आणि त्या हिसक्याने नाळेवरची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरची, कडी मुळासकट उपटू शकते. म्हणून दोर लाटांचं अंतर बघून सोडा, यॉट आणि होडी एकाच वेळी लाट चढल्या पाहिजेत. नायलॉनचा दोर ताणून हिसका पचवतो, पण बुडतो. पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचा दोर तरंगतो, पण उन्हाने ठिसूळ होतो. होडीचं इंजिन आधी उतरवा. आणि कृपा करून तिच्यात माणूस बसवू नका.