‘आधी सगळं डिफॉल्टवर आणा’: ओव्हरक्लॉकिंगच्या अस्थिरतेची पार्श्वभूमी

घरी जुळवलेला पीसी ओव्हरक्लॉक केला, म्हणजे ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगानं चालवला, आणि तो मध्येच हँग होऊ लागला, की जाणकार मंडळी ठरलेली यादी ऐकवतात: बायोस (मशीन सुरू करणारा मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्रॅम) डिफॉल्टवर, म्हणजे मूळ सेटिंग्जवर आणा, एका वेळी एकच सेटिंग बदला, रॅम वेगळी तपासा, रात्रभर प्राइम९५ हा प्रोसेसरला ताण देणारा प्रोग्रॅम लावा. ही यादी कुणी एकदा बसून ठरवलेली नाही. त्या त्या काळातल्या हार्डवेअरनं हात पोळले आणि एकेक कलम वाढत गेलं. ते कशापायी आलं हे माहीत नसेल, तर सल्ला बरोबर असूनही भलत्याच जागी लावला जातो.

१९८४ साली आलेल्या आयबीएम पीसी एटीमध्ये ८०२८६ प्रोसेसर ६ मेगाहर्ट्झवर चाले. वेग ठरवणारा १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल सॉकेटमध्ये होता. तो उपसून १६चा बसवला की मशीन ८ वर. आयबीएमला हे रुचलं नाही. नंतरच्या बायोसमध्ये वेग तपासणारा कोड घातला गेला आणि अशी मशीन सुरूच होईनात. निदान करायला मात्र तो काळ सोपा होता. रॅमला पॅरिटी, म्हणजे चूक पकडणारा जादा बिट, असल्यानं एखादा बिट उलटला तर मशीन पडद्यावर पॅरिटी चेकचा संदेश टाकून तिथंच थांबायचं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर घरगुती पीसींतून पॅरिटी गेली, कारण दर आठ बिटांमागचा नववा बिट वाचवला की रॅम स्वस्त पडते. तेव्हापासून रॅममधली चूक बिनबोभाट पुढं सरकू लागली आणि भलत्याच प्रोग्रॅमच्या नावावर खपू लागली. मेमटेस्ट८६ (१९९४) विंडोजच्या आधी बूट होऊन रॅम तपासतं. ‘रॅम वेगळी तपासा’ या सल्ल्याचं मूळ इथं आहे.

यादीतलं सगळ्यात महाग कलम आलं ते १९९८च्या सेलेरॉन ३००एमुळं. प्रोसेसरचा वेग म्हणजे बसचा (भागांना जोडणाऱ्या मार्गाचा) वेग गुणिले गुणक. इंटेलनं या प्रोसेसरचा गुणक ४.५ वर पक्का केला होता. ६६ मेगाहर्ट्झच्या बसवर साडेचार पट म्हणजे ३००. बस १०० वर नेली की थेट ४५०, म्हणजे त्या वेळच्या महागड्या पेंटियम टूइतका वेग. कॅश, म्हणजे हाताशी ठेवलेली जलद मेमरी, १२८ केबीच, पण चिपवर आणि प्रोसेसरच्याच वेगानं चालणारी. अॅबिटच्या बीएच६ बोर्डवर हे बायोसमधूनच जमायचं. काही बोर्डांवर प्रोसेसरच्या कार्डवरची बी२१ ही पिन चिकटपट्टीनं झाकली की बोर्ड १०० ची बस पकडायचा.

ज्यांची चिप ४५० ला टिकत नसे ते मधला टप्पा घेत: ८३ ची बस, म्हणजे साधारण ३७५. फसगत व्हायची ती इथं. पीसीआय बसला, म्हणजे जोडकार्डांच्या मार्गाला, ३३ मेगाहर्ट्झ लागतात आणि ते मुख्य बसला भागून मिळतात. ६६ भागिले २ किंवा १०० भागिले ३, दोन्हीचं उत्तर ३३. बहुतेक बोर्ड ८३ लाही २ नंच भागत, मग पीसीआय ४१.५ वर जायची. हार्ड डिस्कचा कंट्रोलर, साउंड कार्ड, नेटवर्क कार्ड, सगळं त्याच बसवर. प्रोसेसर निवांत, पण डिस्कवर लिहिलेल्या फायली खराब. विंडोज ९८ रजिस्ट्री बिघडल्याची तक्रार करायचं आणि माणूस विंडोज पुन्हा टाकत बसायचा. कमी वेग जास्त वेगापेक्षा धोक्याचा, हे कुणाच्या डोक्यात येणार? प्रोसेसरचा गुणक, बस, व्होल्टेज आणि रॅम एकदम हलवू नका, हा आग्रह अशा अनुभवांतून पक्का झाला. कशामुळं काय मोडलं ते कळायला दुसरा मार्गच नव्हता.

पुढं एएमडीच्या अॅथलॉन थंडरबर्ड आणि ड्युरॉनवर शिसपेन्सिलीनं एल१ पूल (चिपवरचे तुटक संपर्क) जोडून गुणक मोकळा करण्याचं पर्व येऊन गेलं. मजेदार होतं, पण अस्थिरतेबद्दल त्यानं फारसं नवं शिकवलं नाही.

तपासणीचं खरं हत्यार आलं ते गणिताच्या छंदातून. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये मेर्सेन मूळ संख्या (दोनच्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या) शोधण्याचा गिम्प्स हा सामूहिक उपक्रम सुरू केला. त्याचा प्रोग्रॅम म्हणजे प्राइम९५. एक संख्या तपासायला घरच्या पीसीला आठवडे लागत आणि मध्ये एक बिट चुकला तर सगळी मेहनत पाण्यात. म्हणून त्यात एक पहारा बसवलेला आहे. प्रचंड पूर्णांकांचा गुणाकार हा प्रोग्रॅम दशांशातल्या आकडेमोडीनं करतो. उत्तरं पूर्णांकांच्या अगदी जवळ यायला हवीत. फरक ०.४ च्या पुढं गेला की काहीतरी बिघडलं, मग तो हार्डवेअर नापास झाल्याचा संदेश देऊन थांबतो. ओव्हरक्लॉकर्सना नेमकं हेच हवं होतं: मशीन कोसळण्याआधीच चुगली करणारी चाचणी. टोकिओ विद्यापीठातल्या कानाडा यांच्या प्रयोगशाळेतून आलेला, पायचे अंक काढणारा सुपर पाय हा प्रोग्रॅमही असाच उसना घेतला गेला.

मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन यांनी २००५ मध्ये क्रॅश अहवालांबद्दल लिहिलं होतं. काही अहवालांत प्रोग्रॅम ज्या सूचनेवर पडलेला दिसे ती म्हणजे एक रजिस्टर (प्रोसेसरमधलीच छोटी साठवणजागा) शून्य करणं. तिथं मेमरीला हातही लागत नाही, म्हणजे पडायला कारणच नाही. चौकशी केल्यावर अशी काही मशीन ओव्हरक्लॉक केलेली निघाली, आणि काही मालकांना त्याचा पत्ताच नव्हता. दुकानदारानं परस्पर वेग वाढवून विकली होती. असेंबल्ड पीसी घेणाऱ्याला यात नवल वाटू नये. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच संशोधकांनी सुमारे दहा लाख ग्राहक पीसींच्या क्रॅशचा अभ्यास मांडला, त्यातही ओव्हरक्लॉक केलेली मशीन ठळकपणे जास्त कोसळताना दिसली.

त्याच वर्षी इंटेलच्या सँडी ब्रिजनं १०० मेगाहर्ट्झच्या एकाच मूळ क्लॉकला (वेगाच्या ठोक्याला) पीसीआय एक्सप्रेस, साटा वगैरे सगळं जुंपलं. तो क्लॉक जरा वर नेला की इतर भाग कुरकुरू लागत, त्यामुळं बसचा खेळ संपला आणि गुणक मोकळा असलेली ‘के’ मॉडेल्स उरली. प्राइम९५ मध्ये एव्हीएक्स सूचना (एका फटक्यात अनेक आकडे हाताळणाऱ्या) आल्यावर दुसरीच पंचाईत झाली: चाचणी इतकी तापवू लागली की रोजच्या कामात तसा भार कधी येतच नाही. मग बरेच जण मुद्दाम एव्हीएक्सआधीची २६.६ ही आवृत्ती वापरू लागले. म्हणजे ‘स्थिर’ ठरवणारी फूटपट्टीच जो तो आपापली निवडू लागला. शिवाय डिसेंबरच्या गारव्यात लावलेली सेटिंग्ज नागपूरच्या मे महिन्यात टिकतील याची हमी कुठलीच फूटपट्टी देत नाही. खोली वीस अंशांनी तापली की चिपही साधारण तेवढीच वर चढते.

एएमडीच्या रायझन ५००० मालिकेबरोबर (२०२०) कर्व्ह ऑप्टिमायझर आला आणि जुनी समजूत उलटी झाली. यात प्रोसेसरच्या दर कोअरचं (स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागाचं) व्होल्टेज थोडं थोडं उतरवता येतं. सगळ्या कोअरवर भार टाकला की वेग आपोआप खाली येतो आणि प्राइम९५ रात्रभर सुखरूप चालतं. सकाळी नुसतं ब्राउझर उघडून बसलं की पीसी धाडकन रीस्टार्ट. कारण हलक्या कामात एकच कोअर सर्वोच्च वेगाला उडी मारतो, आणि त्या वेगाला कमी केलेलं व्होल्टेज पुरत नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीआ-लॉगरची (हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्याची) नोंद १८ दिसली तर तिच्यातला एपीआयसी आयडी पाहावा, नेमका कुठला कोअर पडला त्याचा माग तिथून लागतो. कोअरसायकलरसारखं साधन एकेका कोअरला आळीपाळीनं तपासतं ते यासाठीच. एक्सएमपी किंवा एक्सपो, म्हणजे रॅमची तयार जलद सेटिंग्ज, चालू करणं हेही ओव्हरक्लॉकिंगच, हे बरेच जण विसरतात. रायझन ५००० ला अधिकृत डीडीआर४ ३२०० पर्यंतचीच आहे.

आणि मग २०२४ मध्ये यादीतलं पहिलंच कलम, ‘डिफॉल्टवर आणा’, डळमळलं. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे वरच्या श्रेणीतले प्रोसेसर कुणी हात न लावताही कोसळू लागले. गेम म्हणे व्हिडिओ मेमरी संपली. ग्राफिक्स कार्ड बिचारं निर्दोष, चुकत होता प्रोसेसर. आधी बोट गेलं मदरबोर्डांकडं. इंटेलची मर्यादा २५३ वॅटची, तर कित्येक बोर्डांचं डिफॉल्ट चार हजार वॅटच्या वर, म्हणजे मर्यादा नाहीच. नंतर इंटेलनं मान्य केलं की मायक्रोकोडच (प्रोसेसरच्या आतला मूळ प्रोग्रॅम) गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि कोअरमधलं क्लॉकचं सर्किट त्यानं झिजत होतं. ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड आले, वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. म्हणून या चिप असलेल्या पीसीवर बायोस डिफॉल्टवर आणण्याआधी त्याची आवृत्ती पाहावी लागते, आणि मग ‘इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज’ हा पर्याय वेगळा निवडावा लागतो. झिजून गेलेली चिप त्यानंतरही पडत राहिली, तर ती बदलून घेण्याला पर्याय नाही.