सिस्टीम ड्राइव्ह निकामी झाल्यावर घरच्या सर्व्हरची पुनर्स्थापना

घरच्या सर्व्हरमधली ऑपरेटिंग सिस्टीम असलेली ड्राइव्ह निकामी झाली, की नवी ड्राइव्ह बसवून बॅकअपच्या आधारे तो सर्व्हर पूर्ववत चालू करणे म्हणजे त्याची पुनर्स्थापना. रोजच्या बोलण्यात ‘सर्व्हर रिस्टोर करणे’ एवढेच म्हणतात. फोटो, व्हिडिओ, कागदपत्रे बहुधा वेगळ्या डेटा डिस्कवर असतात आणि सिस्टीम ड्राइव्ह गेली तरी शाबूत राहतात. जाते ती मांडणी: कोणती सेवा कोणत्या फोल्डरशी जोडलेली होती, घरातल्या कोणाला कशाची परवानगी होती, रात्री कोणते काम आपोआप चालत होते, डेटाबेसचा पासवर्ड काय होता. ही मांडणी महिनोन् महिने थोडी थोडी जमत गेलेली असते आणि कोणाच्याही डोक्यात ती पूर्ण नसते. म्हणून या कामाचा कस डेटा किती मोठा आहे यावर लागत नाही. काही मेगाबाइटच्या कॉन्फिगरेशन फायली जपल्या होत्या की नाही, यावर लागतो.

नागपुरात घरचा सर्व्हर म्हटला की कंपन्यांमधून निघालेला सेकंडहँड मिनी पीसी, घरातला जुना डेस्कटॉप किंवा रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर डोळ्यांसमोर येतो. त्यावर फोटोंसाठी इमिच, फायलींसाठी नेक्स्टक्लाउड, सिनेमांसाठी जेलीफिन, दिवे-पंखे चालवायला होम असिस्टंट अशा सेवा असतात. मुले पुण्याला किंवा परदेशात आणि आईवडील धरमपेठेत किंवा मनीषनगरात, अशा घरात सगळ्यांचे फोटो एकत्र येण्याची हीच एक जागा असते. तो बंद पडला की पहिला फोन घरच्यांचाच येतो.

सिस्टीम ड्राइव्ह जाण्याची कारणे साधी आहेत. एसएसडीवर, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या चिपच्या ड्राइव्हवर, ठरावीक प्रमाणातच लिहिता येते. २५० जीबीच्या सर्वसाधारण एसएसडीची वॉरंटी १५० टीबीच्या आसपास लेखनापुरती असते. लॉग (सिस्टीमच्या नोंदी), डेटाबेस आणि व्हर्च्युअल मशीन (एका कॉम्प्युटरच्या आत चालणारे आभासी कॉम्प्युटर) यांचे लेखन अहोरात्र चालू असल्याने हा आकडा डेस्कटॉपच्या मानाने लवकर गाठला जातो. रास्पबेरी पायमधले मेमरी कार्ड तर त्याही आधी थकते. त्यात नागपूरचा मे महिना. बाहेर पारा ४५ अंशांच्या वर असताना बंद खोलीतल्या, टीव्हीच्या कपाटात कोंबलेल्या छोट्या पेटीचे आतले तापमान झपाट्याने चढते. कूलरच्या वाऱ्याने खोली गार होते, पण त्यासोबत ओलावा आणि धूळही येते. त्यामुळे सर्व्हर कूलरच्या थेट झोतात ठेवू नये.

विजेचा प्रश्न वेगळा. मान्सूनपूर्व वादळात लाईट जाते, येते, पुन्हा जाते. घरात इन्व्हर्टर असला म्हणजे सर्व्हर सुरक्षित, असे समजले जाते, पण बऱ्याच इन्व्हर्टरांना मागे यूपीएस मोड आणि इको मोड असे बटण असते. इको मोडमध्ये बॅटरीवर जायला लागणारा क्षणभराचा वेळ पंख्याला कळतही नाही. कॉम्प्युटर मात्र तेवढ्यात बंद होऊन पुन्हा सुरू होतो. लिहिणे चालू असताना असे वारंवार झाले की फाइल सिस्टीम (ड्राइव्हवरच्या फायलींची मांडणी) बिघडते, स्वस्तातली एसएसडी कधी कधी कायमचीच गप्प होते. ते बटण यूपीएस मोडवर आहे का, हे आजच पाहून घेण्यासारखे आहे.

ड्राइव्ह जाण्याआधी बहुधा खुणा दिसतात. ड्राइव्ह स्वतःच्या प्रकृतीचा जो ‘स्मार्ट’ अहवाल ठेवते, त्यात बदललेल्या किंवा प्रलंबित सेक्टरांची (साठवणीच्या छोट्या तुकड्यांची) संख्या वाढू लागते. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम अचानक फाइल सिस्टीम फक्त वाचण्यापुरती करून टाकते. सेवा वरवर चालू दिसतात, पण काहीच साठवले जात नाही. एसएसडीच्या बाबतीत असेही होते की कोणतीच खूण न देता ती बायोसमधून, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना दिसणाऱ्या मूळ सेटिंगमधून, नाहीशी होते. थोडीफार वाचता येत असेल तर त्या ड्राइव्हवर दुरुस्तीचे प्रयोग करत बसू नये. डीडीरेस्क्यू या साधनाने आधी तिची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर काढावी आणि पुढचे सगळे प्रयत्न त्या प्रतीवर करावेत. हे साधन आधी सहज वाचता येणारा भाग उचलते आणि अडलेल्या जागांकडे नंतर वळते, त्यामुळे मरणासन्न ड्राइव्हकडून जेवढे मिळण्यासारखे असते तेवढे हाती लागते.

डेटा डिस्कबद्दल घाबरण्याचे कारण फारसे नसते. झेडएफएस या फाइल सिस्टीममध्ये अनेक डिस्क मिळून एक ‘पूल’ होतो आणि त्याची रचना त्या डिस्कांवरच लिहिलेली असते. नव्या सिस्टीमवर पूल इम्पोर्ट केला की तो ओळखला जातो. जुन्या सिस्टीमने तो रीतसर सोडलेला नसल्यामुळे सक्तीचा पर्याय द्यावा लागतो, इतकेच. लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडचेही (अनेक डिस्क एकत्र जोडण्याच्या व्यवस्थेचेही) तसेच आहे. नवी सिस्टीम टाकताना मात्र डेटा डिस्कच्या केबल काढून ठेवाव्यात. इन्स्टॉलरच्या यादीत सारख्या आकाराच्या दोन-तीन डिस्क दिसत असताना चुकीची डिस्क पुसली जाण्याचा धोका या संपूर्ण कामातला सर्वांत मोठा आहे आणि तो दोन केबल काढल्याने टळतो.

पुनर्स्थापनेचे दोन मार्ग आहेत. पहिला, संपूर्ण ड्राइव्हची प्रतिमा (आधी काढून ठेवलेली हुबेहूब प्रत) क्लोनझिलासारख्या साधनाने परत उतरवण्याचा. यात तासाभरात सर्व्हर जसाच्या तसा उभा राहतो. एक व्यावहारिक अडचण मात्र हमखास येते. क्लोनझिलाला नवी ड्राइव्ह जुनीइतकी किंवा तिच्याहून मोठी लागते, आणि बाजारात २४०, २५० व २५६ जीबी असे तीन जवळजवळचे आकार मिळतात. जुनी २५६ची असताना बर्डीच्या बाजारातून घाईघाईत २४०ची आणली, तर प्रतिमा उतरत नाही. दुसरा मार्ग म्हणजे सिस्टीम नव्याने टाकून त्यावर जपलेली कॉन्फिगरेशन लावणे. याला वेळ अधिक लागतो, पण प्रतिमेसोबत जुना साचलेला कचरा आणि कदाचित तोच बिघाडही परत येतो, तसे इथे होत नाही. ज्यांच्या सेवा डॉकरवर (प्रत्येक सेवा वेगळ्या कंटेनरमध्ये, म्हणजे बंदिस्त डब्यात, चालवणाऱ्या साधनावर) आहेत आणि कंपोज फायली (त्या सेवांची मांडणी लिहिलेल्या फायली) वेगळ्या ठेवलेल्या आहेत, त्यांनी दुसराच मार्ग धरावा.

काही प्रणालींची कॉन्फिगरेशन कुठे राहते हे आधी माहीत असणे फार मोलाचे ठरते. ट्रूनॅस या साठवणीच्या सर्व्हरसाठीच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ती एका छोट्या फायलीत उतरवून घेता येते. उतरवताना पासवर्डचे गुप्त बीज सोबत घेण्याच्या पर्यायावर खूण करावी लागते, नाहीतर साठवलेले पासवर्ड नव्या ड्राइव्हवर उलगडत नाहीत. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रॉक्समॉक्समध्ये त्या मशीनच्या नोंदी ईटीसी फोल्डरातल्या पीव्हीई उपफोल्डरात दिसतात, परंतु तो फोल्डर म्हणजे चालू सिस्टीमने उभे केलेले दृश्य असते. ड्राइव्ह काढून दुसऱ्या मशीनला जोडली तर तिथे काहीच सापडत नाही. खऱ्या नोंदी व्हीएआर फोल्डरखालच्या एका एसक्यूलाइट डेटाबेस फायलीत असतात. ही एक फाइल हाती लागली तर सगळ्या मशीनची वर्णने परत मिळतात.

नव्याने टाकलेली सिस्टीम पहिल्यांदा सुरू होताना अडते ती बहुधा एफस्टॅब या फायलीमुळे. कोणती डिस्क कुठे जोडायची, हे त्यात प्रत्येक विभाजनाच्या (ड्राइव्हच्या भागाच्या) यूयूआयडीने, म्हणजे एकमेव ओळख-क्रमांकाने, लिहिलेले असते. नव्या ड्राइव्हवरच्या विभाजनांना नवे यूयूआयडी मिळतात, आणि जुनी फाइल तशीच आणून ठेवली तर सिस्टीम अस्तित्वात नसलेल्या विभाजनाची ९० सेकंद वाट पाहते आणि मग आपत्कालीन मोडमध्ये जाऊन थांबते. मॉनिटर न जोडलेल्या सर्व्हरचे हे थांबणे बाहेरून फक्त ‘नेटवर्कवर दिसत नाही’ असे दिसते. डेटा डिस्क जोडलेली नसली तरी असेच होते; डेटा डिस्कांच्या ओळींत ‘नोफेल’ हा पर्याय असला तर त्यांच्यामुळे ही वेळ येत नाही.

पण त्या पर्यायाची दुसरी बाजू त्याहून घातक आहे. डिस्क जोडली गेली नाही तरी तिच्या नावाचा रिकामा फोल्डर सिस्टीम ड्राइव्हवर असतोच. सेवा सुरू होतात, त्यांना रिकामे घर दिसते आणि त्या तिथे नव्याने लिहू लागतात. रात्री आरसिंक हा फायलींची प्रत काढणारा प्रोग्राम चालतो, मूळ ठिकाणी काही नाही असे पाहतो, आणि त्याला ‘मुळात नाही ते प्रतीतूनही काढ’ असा आदेश दिलेला असेल तर चांगली असलेली प्रतही पुसून टाकतो. म्हणून पुनर्स्थापनेच्या काळात बॅकअपची वेळापत्रकातली सगळी कामे आधी थांबवावीत, आणि एरवीही बॅकअपच्या स्क्रिप्टने डिस्क खरोखर जोडलेली आहे का हे तपासूनच पुढे जावे. ड्राइव्ह गेल्याने होणारे नुकसान मर्यादित असते. बॅकअप असूनही सर्वस्व जाते ते या एका फटीतून.

परवानग्यांचा गोंधळही इथलाच. लिनक्समध्ये फायलीचा मालक नावाने नव्हे, आकड्याने नोंदलेला असतो. जुन्या सिस्टीमवर आईचे खाते १००१ आणि बाबांचे १००२ असेल आणि नव्यावर खाती उलट्या क्रमाने उघडली, तर आईच्या फायली बाबांच्या होतात. खाती उघडताना जुनेच आकडे द्यावेत, म्हणजे लाखो फायलींची मालकी बदलत बसावे लागत नाही.

डेटाबेसच्या बाबतीत चालू डेटाबेसच्या फायली नुसत्या उचलून ठेवणे म्हणजे बॅकअप नव्हे. लिहिणे चालू असताना घेतलेली अशी प्रत आतून विसंगत असू शकते. त्यासाठी डेटाबेसच्याच साधनाने डंप (सगळ्या मजकुराची सुसंगत निर्यात) काढावा लागतो. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये आणखी एक अट येते: एका मोठ्या आवृत्तीच्या डेटा फायली दुसरी मोठी आवृत्ती उघडत नाही. डेबियन हा लिनक्सचा एक प्रकार; जून २०२३मध्ये आलेल्या डेबियन १२ सोबत पोस्टग्रेएसक्यूएल १५ होते. ऑगस्ट २०२५मधल्या डेबियन १३ सोबत १७ येते. सर्व्हर नव्याने उभारताना साहजिकच नवे डेबियन टाकले जाते आणि जुना डेटाबेस सुरू व्हायला नकार देतो. डंप असेल तर तो नव्या आवृत्तीत सरळ भरता येतो. नसेल तर तात्पुरते जुन्याच आवृत्तीचे कंटेनर चालवून आधी डंप काढावा.

बॅकअप कूटबद्ध असेल, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येत नसेल, तर किल्ली कुठे आहे, हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा. बोर्ग या बॅकअपच्या साधनात किल्ली बॅकअपसोबतच ठेवण्याची पद्धत आहे, तशी ती वेगळ्या फायलीत ठेवण्याचीही आहे. दुसऱ्या पद्धतीत ती फाइल वापरकर्त्याच्या होम फोल्डरात, म्हणजे बहुधा त्याच सिस्टीम ड्राइव्हवर राहते. ड्राइव्ह गेली, किल्ली गेली, आणि शेजारच्या डिस्कवरचा धडधाकट बॅकअप वाचणारा जगात कोणी उरला नाही. बोर्गची किल्ली आणि रेस्टिक या तशाच साधनाचा पासवर्ड कागदावर छापून, आणि डिस्क कूटबद्ध असल्यास तिच्या हेडरची (किल्लीची माहिती असलेल्या सुरुवातीच्या भागाची) प्रत पेनड्राइव्हवर घेऊन, हे सगळे घराच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावे. पासवर्ड मॅनेजर त्याच सर्व्हरवर चालत असेल तर त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

बॅकअप कुठे असावा, याचा छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम सर्वत्र मानला जातो: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. यातली ‘घराबाहेर’ ही अट नागपूरकरांना समजावून सांगावी लागू नये. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे मुसळधार पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला आणि अंबाझरी लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआऊट या वस्त्यांमधल्या तळमजल्यांत पाणी शिरले. तळमजल्याच्या हॉलमध्ये एकाच खणात सर्व्हर आणि त्याची बॅकअप डिस्क असेल, तर अशा वेळी दोन्ही एकदमच पाण्यात जातात. वर्धेला किंवा अमरावतीला नातेवाइकांकडे ठेवलेली एक डिस्क, सणावाराला जाताना बदलून आणलेली, एवढ्यानेही ही अट पूर्ण होते.

ती डिस्क शक्यतो हार्ड डिस्क असावी. घरगुती एसएसडीची लेखनक्षमता संपल्यानंतर तिने विजेविना ३० अंश तापमानात एक वर्ष डेटा टिकवावा, इतकीच अपेक्षा जेडेक या सेमीकंडक्टर उद्योगाच्या मानक संस्थेच्या मानकात आहे, आणि तापमान वाढले की हा काळ घटतो. नवी एसएसडी याहून बरीच अधिक टिकते. तरीही विदर्भातल्या उन्हाळ्यात बंद कपाटात पडून राहण्यासाठी भरपूर वापरून झालेली एसएसडी ठेवू नये. क्लाउडवरचा बॅकअपही चांगला, मात्र परत आणायला लागणारा वेळ आधी मोजून ठेवावा: १०० एमबीपीएसच्या जोडणीवर एक टीबी उतरायला २२ तासांहून अधिक लागतात, तर यूएसबी हार्ड डिस्कवरून सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने तेच काम तीन तासांच्या आत होते.

सिस्टीम ड्राइव्हची जोडी रेडने आरशासारखी, म्हणजे दोन्हींवर तेच लिहिले जाईल अशी, लावून ठेवली तर एक गेल्यावर सर्व्हर चालू राहतो, हे खरे. पण चुकून पुसलेली फाइल त्याच क्षणी दोन्हीकडून जाते. त्यामुळे रेडला बॅकअप समजू नये. आणि बॅकअप रोज घेतला जातो याचा अर्थ तो परत आणता येतो असा होत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा बॅकअपच्या पाच व्यवस्थांपैकी एकही भरवशाने चालत नसल्याचे आढळले; सुमारे सहा तासांपूर्वी योगायोगाने काढलेल्या स्नॅपशॉटवरून (डेटाच्या त्या क्षणीच्या प्रतीवरून) काम भागवावे लागले. घरच्या पातळीवर याचा उपाय स्वस्त आहे. वर्षातून एकदा, उन्हाळा सुरू होण्याआधी, एखाद्या सुट्ट्या ड्राइव्हवर पूर्ण रिस्टोर करून पाहावे आणि करताना आलेली प्रत्येक अडचण कागदावर उतरवून तो कागद सर्व्हरशेजारीच ठेवावा. मोठा मुलगा बंगळुरूला आणि सर्व्हर नागपुरात असेल, तर त्या कागदावर घरातल्या दुसऱ्या कोणाला काम करता आले पाहिजे.

सर्व्हर चालू झाल्यावर पहिला नवा बॅकअप जुन्यावर न लिहिता वेगळ्या जागी घ्यावा. काही फोटो उघडून पाहावेत, घरातल्या प्रत्येकाने आपल्या फोनवरून प्रवेश करून पाहावा, आणि काही आठवडे सगळे नीट चालल्यावरच जुना बॅकअप काढावा. निकामी ड्राइव्ह वॉरंटीत असेल तर बदलून मिळते, पण ती देताना आतला मजकूरही परक्या हाती जातो, आणि सुरूच न होणारी ड्राइव्ह पुसता येत नाही. जुनी ड्राइव्ह कूटबद्ध नसेल आणि तिच्यावर आधार, बँकेचे किंवा घराचे कागद असतील, तर काही हजारांच्या वॉरंटीवर पाणी सोडून ती फोडून ई-कचऱ्यात देणे योग्य. नवी ड्राइव्ह मात्र पहिल्या दिवसापासून कूटबद्ध करावी.